पिन दोनदा ऐकते

कॉम्प्युटर जोडून झाला की एक-दोन स्क्रू हातात उरतात. ते कुठले होते हे कुणालाच आठवत नाही, मशीन तर नीट चालतं, मग ते डब्यात जातात. आमच्या दुकानात अशा स्क्रूंचा लोणच्याचा एक जुना डबा भरलेला आहे. किस्सेही असेच उरतात. गिऱ्हाईक मशीन घेऊन जातं आणि त्याचं एखादं वाक्य काउंटरवर राहून जातं.

परवा जुने मित्र जमले होते. म्हणाले, "दुकानातलं काहीतरी हसण्यासारखं सांग की." मी सांगायला लागलो आणि तिसऱ्या किश्श्याला एक जण चहा सांगायला म्हणून उठला तो परत आलाच नाही. तेव्हा आधीच सांगून ठेवतो. हसू आलं तर हसा, नाही आलं तर माझी तक्रार नाही.

दुकान भिवंडीत, कल्याण नाक्याच्या आतल्या एका गल्लीत. आधी तिथे माझा कॉम्प्युटर क्लास होता. फोन आले, क्लासला येणारी मुलं आटली, मी फळा काढला आणि दुरुस्तीचं काउंटर टाकलं. 'सर' ही हाक तेवढी त्या दिवसांतली राहिली आहे.

*

हरीदादा पहिल्यांदा आले ते पुतण्याचा बिघडलेला मॉनिटर घेऊन. कोन गावचे, आडनाव तरे, तेव्हा पंचावन्नच्या आसपास. मी एका शाळेतल्या क्लार्कचा प्रोसेसर हातात धरून बसलो होतो. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, असं मी क्लासात शिकवायचो. दिसायला बिस्किटाएवढा चौकोन, आणि त्याच्या पोटाला तेराशेच्या वर बारीक पिनी. क्लार्कच्या हातून तो फरशीवर पडला होता आणि एका बाजूच्या पिनी आडव्या झाल्या होत्या.

"गेला," मी क्लार्कला सांगितलं. "नवीन घ्यावा लागेल."

मॉनिटर काखेत धरलेला तो अनोळखी माणूस काउंटरवर वाकला आणि म्हणाला, "सर, ही तं फणी हाय."

फणी म्हणजे लूमवरचा, यंत्रमागावरचा, पोलादी कंगवा. कापडाचे उभे धागे तिच्या दातांमधून जातात. आडवा धागा नेणारा धोटा अडकला की दात वाकतात, आणि मग कापडावर उभी रेघ पडायला लागते. हरीदादांनी कामतघरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं हे वाकलेले दात सरळ केले होते. त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं. त्यात चष्मा नव्हताच. जुन्या फणीतून काढलेल्या तीन पोलादी पत्त्या होत्या, कागदासारख्या पातळ. त्यातली एक त्यांनी पिनींच्या दोन रांगांमध्ये घातली. ती अगदी बेताने, घासून गेली.

अर्ध्या तासाने त्यांनी प्रोसेसर डोळ्यासमोर आडवा धरला, दाराकडे तोंड करून. मग काटकोनात फिरवून पुन्हा धरला. "रांगेतून पलीकडचा उजेड दिसला का जाली सरळ. बसवा," म्हणाले.

बसवला. चालू झाला. क्लार्क इतका खूश झाला की त्याने वही काढली. "आपण हे कुठे शिकलात?"

"कामतघरला."

"तिथे कुठे? माझ्या मुलालाही घालतो."

"कारखाना बंद हाय तो," दादा म्हणाले आणि मॉनिटर पुढे सरकवला.

मी त्यांना त्याच दिवशी विचारलं, रोज याल का. ते दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःचं स्टूल घेऊन आले.

*

क्लासात मी हार्डवेअरचा एक तास घ्यायचो. फळ्यावर प्रोसेसरवरचा पंखा काढायचो आणि सांगायचो, "क्लिप सोडा आणि पंखा सरळ वर उचला." मुलं लिहून घ्यायची. बॅचमागून बॅच.

आता होतं काय, की पंखा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये एक पेस्ट असते. ती वाळली की दोघांना घट्ट धरते. अशा वेळी पंखा सरळ वर उचलला, की प्रोसेसरही खाचेतून उपटून त्याच्याबरोबर वर येतो आणि पिनी वाकतात. आमच्या क्लासातली मशीनं नवी होती, पेस्ट ओली होती, त्यामुळे माझं कधीच चुकलं नव्हतं. खरी पद्धत अशी, की मशीन दहा मिनिटं चालवून तापू द्यायचं आणि मग पंखा डावी-उजवीकडे हळूहळू पिळायचा. हे मला दुकान टाकल्यावर कळलं, म्हणजे शिकवून झाल्यावर कळलं.

एक दिवस एक मिशीवाला माणूस पंख्याला चिकटलेला प्रोसेसर घेऊन आला आणि हसून म्हणाला, "सर, ओळखलं नाहीत? मी तुमचा विद्यार्थी. तुम्ही शिकवलं तसंच काढलं बघा."

त्या महिन्यातला तो तिसरा. मी मागच्या पावत्यांवरची नावं वाचून पाहिली. भिवंडीभर पिनी वाकवणारी माणसं मीच तयार करून सोडली होती. मला फार लाज वाटली. दुपारी डबा खाताना मी हे दादांना सांगून टाकलं.

दादांनी भाकरीचा तुकडा मोडला. "सर, तुमी असंच शिकवलंत म्हनून मना काम हाय," म्हणाले.

*

केळकर कामतघरच्याच दुसऱ्या एका कारखान्याचं ऑफिस सांभाळायचे. नेमस्त माणूस, शर्टाला कायम दोन पेनं. खंडेनवमीला कारखान्यात लूमची पूजा होते तशी ऑफिसात कॉम्प्युटरची व्हायची. एका वर्षी केळकरांच्या मनात आलं, की डब्याला हळदकुंकू लावून काय उपयोग, पूजा मेंदूची व्हायला हवी. त्यांनी प्रोसेसर काढला. वरून हळदकुंकू लावलं. खाली पिनींवर अक्षता वाहिल्या. नमस्कार केला, उलट्या बाजूने खाचेत ठेवला आणि वरून पंखा दाबून बसवला.

दुसऱ्या दिवशी दसरा असूनही ते स्वतः घेऊन आले. पिनींमध्ये तांदळाच्या कण्या अडकल्या होत्या. मला हसू आवरेना. दादा मात्र हसले नाहीत. पत्तीने एकेक कणी काढत म्हणाले, "पूजा केलीय त्यानं. लाथ तं न्हाय मारली."

पूर्ण दिवस गेला. संध्याकाळी केळकर आले आणि मशीन चालू झालेलं बघूनही त्यांचा चेहरा उतरलेलाच. मग हळूच विचारलं, "हळदकुंकू पुसलंत का हो?"

"वरचा पुसायलाच लागतो, तापतंय. पन डब्याव येक बोट लावलाय," दादा म्हणाले. खरंच, कॅबिनेटच्या बाजूला कुंकवाचं एक बोट उमटलेलं होतं.

दिवाळीनंतर तो कारखाना बंद झाला. केळकर तेच मशीन रिक्षातून घेऊन आले. म्हणाले, मालकांनी घेऊन जा म्हणून सांगितलं, पण आमच्या घरात ठेवायला जागा नाही, तुम्ही ठेवा. मशीन आमच्याकडे दोन वर्षं चाललं आणि एका उन्हाळ्यात जळालं. प्रोसेसर मेला, पण पिनी शाबूत होत्या. एका कोपऱ्यावर हळदीचा पिवळा डागही तसाच होता. मी तो खणात टाकला. केळकरांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

*

अन्सारीभाई लूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेल्या लूमची दुरुस्ती बघणारे. हाताचे पक्के. मुलीच्या कॉम्प्युटरची एक पिन वाकली तेव्हा त्यांनी ती घरीच सेफ्टीपिनने सरळ केली. बसवताना परत वाकली, परत सरळ केली. तिसऱ्यांदा वाकल्यावर आमच्याकडे आले. "चाचा, एकच पिन आहे, सीधा कर दो."

दादांनी भिंग धरून बघितलं आणि प्रोसेसर खाली ठेवला. "भाई, पिन दो बार सुनती है. तीसरी बार टूटती है. फणी का भी वैसाइच है ना."

अन्सारीभाईंना फणीचं माहीत होतं. ते म्हणाले, "फिर भी देखो."

दादांनी पत्ती लावली. पिन तुटली. आवाजसुद्धा झाला नाही. दादांनी ती चिमट्याने उचलली, कागदाच्या पुडीत बांधली आणि अन्सारीभाईंच्या हातात दिली. "ये आपका."

"इसका मैं क्या करूं?"

"रखो. टूटा मेरे हाथ में, पर है आपका."

वर्षभराने ते माऊस घ्यायला आले. फोनचं कव्हर काढून दाखवलं, मागे ती पुडी होती. "कंप्यूटर तो कबाड़ में गया चाचा. ये फेंका नहीं गया."

दादांनी मान हलवली. मला हे दोघेही वेडे वाटले होते, हे कबूल करतो.

*

नाक्यावरच्या दुसऱ्या एका दुकानदाराने एकदा आमची बदनामी चालवली होती. एका गिऱ्हाईकाला त्याने सांगितलं, पिनी तुमच्या त्या म्हाताऱ्याने बिघडवल्या. गिऱ्हाईक तणतणत आलं.

दादांनी प्रोसेसर दाराकडे धरून बघितला. "ह्या तीन रांगा माझ्या. ही चौथी माझी न्हाय. हिला कोनीतरी चिमटा लावलाय."

"कशावरून?" गिऱ्हाईकाने विचारलं.

"आपला हात आपल्याला दिसतो," दादा म्हणाले. "वीस फण्या येका जागी ठेवल्या तरी मी माझी उचलायचो."

गिऱ्हाईकाने त्या दुकानात जाऊन विचारलं. चिमटाच लावला होता.

*

मग बिनपिनीचे प्रोसेसर आले. पहिल्याचं खोकं मी फोडलं तेव्हा दादा शेजारी उभे होते. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला. खाली नुसते सपाट सोनेरी ठिपके.

"पिनी कुठं गेल्या?"

"आता बोर्डाच्या खाचेत असतात, दादा. वळलेल्या. स्प्रिंगसारख्या."

त्यांनी भिंग घेतलं आणि खाचेत बराच वेळ बघत राहिले. मग पत्ती घालून पाहिली, म्हणजे घालायला गेले आणि थांबले. "ह्यात पत्ती जात न्हाय."

मी म्हटलं, जुनी मशीनं आहेतच की अजून, लोक वापरतात.

"कारखान्यात पन असंच जाला व्हता," दादा म्हणाले. "पयली फणी बाहेरून यायला लागली. मंग फणीवाला बाहेर गेला."

त्यानंतर आठवड्याला चार येणारे प्रोसेसर दोन झाले, मग महिन्याला दोन. दादा रोज मात्र येत राहिले. केबली गुंडाळायचे, कीबोर्ड पुसायचे, आणि दारात कुणी पिशवी घेऊन दिसलं की मान वर करायचे.

*

वाचनालयाच्या बाईंचं मशीन आलं ते अशाच एका रिकाम्या आठवड्यात. दादांना आनंद झाला, तो लपला नाही. पंचा पसरला, भिंग लावलं, पत्ती काढली. सातच पिनी वाकल्या होत्या, त्याही थोड्याशाच.

मी पलीकडे प्रिंटर उघडून बसलो होतो. पत्ती टेबलावर पडल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर दादा उजवा हात डाव्या हाताने धरून बसले होते, आणि दोन्ही हात हलत होते. तीन पिनी तुटल्या होत्या.

"लाईट गेलती," ते म्हणाले.

वर पंखा फिरत होता. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी तसाच प्रोसेसर मिळवून बसवला. दादांनी मशीन चालू झालेलं बघितलं. "दुसरा घातलाव न?"

"हो."

"बाईना सांगा."

मला सांगायचं नव्हतं. पण दादा स्टुलावरून उठून काउंटरशी येऊन उभे राहिले, तेव्हा सांगावंच लागलं, की तुमचा आमच्या हातून गेला, हा दुसरा आहे. बाई पर्स बंद करत म्हणाल्या, "चालतंय ना? मग मला कशाला सांगता?"

त्या संध्याकाळी दादांनी चष्म्याचं घर दुकानातच ठेवलं, घरी नेलं नाही.

डॉक्टरांनी हात थरथरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, की बारीक काम आता हळूहळू जाईल.

*

दादांचा मुलगा प्रकाश मला भेटायला आला. चांगला मुलगा आहे, बापाची काळजी करणारा. त्यांच्या शेतावर आता गोदाम उभं आहे, कोनला बऱ्याच जणांचं आहे. घरी काही कमी नाही.

"सर, बाबांना तुमीच सांगा. काम न्हाय म्हनून सांगा. तुमचा ऐकतील. घरी आरामात बसूदे."

खरं तर त्यात खोटं काहीच नव्हतं. काम नव्हतंच. मी म्हटलं, सांगतो.

पण मला दादांचं एक बोलणं माहीत होतं. गावातली त्यांच्या वयाची माणसं गोदामाच्या गेटाशी प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसतात. कंटेनर आत गेला, कंटेनर बाहेर आला, एवढं बघतात आणि जेवायला घरी जातात. दादा रिक्षातून येता-जाता ते रोज पाहायचे. एकदा मला म्हणाले होते, "सर, वॉचमनला पगार हाय, ड्युटी हाय, सुट्टी हाय. त्याच्या बाजूला बसलेल्या मालकाला काय हाय?" आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "माझी खुर्ची आनून ठेवलीय प्रकाशनं. निली हाय."

मी रात्रभर वाक्य जुळवलं. दादा, तुम्ही इतकी वर्षं केलंत, आता विश्रांती घ्या, वगैरे. वर्गासमोर इतकी वर्षं बोललेल्या माणसाला काय कठीण आहे. सकाळी दादा आले, स्टूल पुसलं, पंचा पसरला आणि विचारलं, "आज काय हाय?"

मी म्हटलं, "अंबाडीचे एक गुरुजी आहेत. पिनी वाकल्यात म्हणे. उद्या पाठवतायत."

*

अंबाडीला माझ्या ओळखीचे कुणी गुरुजी नाहीत.

त्या संध्याकाळी दादांची कोनची रिक्षा गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि खण उघडला. मेलेले प्रोसेसर सहा होते. वर केळकरांचा होता. मी हळदीचा डाग नखाने खरवडून काढला आणि क्लासातली स्टीलची पट्टी घेऊन बसलो. गावभर पिनी वाकवायला शिकवलेला मी, मला तीन पिनी वाकवायला पाऊण तास लागला. हात धजेना. चौथ्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या तीन वाकवल्या, पाकिटात घातल्या, वर लिहिलं, 'अंबाडी, गुरुजी'.

दादांना दोन दिवस लागले. मनगटाखाली पंच्याची गुंडाळी घेऊन बसायचे. हात हलत राहायचा, मग मध्येच क्षणभर थांबायचा, तेवढ्यात पत्ती आत घालायचे. पत्ती पडली की मी स्क्रीनकडे बघायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सांगितलं, "चालू झाला, दादा. गुरुजी घेऊन गेले. फार खूश होते."

"काय व्हता त्यात त्यांच्या?"

मी तयार नव्हतो. "मुलीचं लग्न आहे. आमंत्रणाची यादी त्यातच अडकली होती."

"मंग बरा जाला," दादा म्हणाले.

नंतर मला सवय झाली. वाडा गावचा एक फोटोवाला आला, पडघ्याची एक शिलाईवाली आली, गुरुजी तर वारंवार यायचे. सहाच प्रोसेसर मी आलटूनपालटून पाकिटात घालायचो. दादा प्रत्येकाची चौकशी करायचे. शिलाईवालीचा गुडघा कसा आहे, फोटोवाल्याने नवरदेवाचे फोटो वेळेत दिले का, गुरुजींच्या मुलीला सासर कसं मिळालं. मी उत्तरं द्यायचो आणि पुढच्या वेळी चुकू नये म्हणून वहीत टिपून ठेवायचो. क्लासातल्या मुलांची नावं विसरलेला मी, या नसलेल्या माणसांचे गुडघे लक्षात ठेवत होतो. मला कधी कधी स्वतःचा राग यायचा. एका म्हाताऱ्या माणसाला मी रोज फसवत होतो आणि त्याला चांगुलपणा समजत होतो.

मग प्रकाशचा फोन आला. "सर, तुमी सांगितलाव न्हाय वाटतं. पन ऱ्हाऊदे. बाबा जेवतात नीट. काम वाढलंय सांगतात."

*

शेवटचा किस्सा मागच्या गुरुवारचा.

पाकीट गुरुजींचं होतं, आत पुन्हा केळकरांचा प्रोसेसर. दादा चार दिवस त्याच एका प्रोसेसरवर होते. पिनी तीनच, पण हात आता फार थोडा वेळ थांबतो. गुरुवारी दुपारी त्यांनी तो दाराकडे धरला, फिरवून पुन्हा धरला. मी बघत होतो. हातात प्रोसेसर हलत होता, त्यामुळे त्यांना उजेड कसा दिसला असेल मला माहीत नाही. पण त्यांनी मान हलवली आणि तो पाकिटात घातला.

मग पंच्याची घडी केली, पत्त्या चष्म्याच्या घरात ठेवल्या, स्टूल भिंतीला लावलं. बाहेर कोनच्या रिक्षाने हॉर्न दिला.

"गुरजीची पोर नांदतेय न बरी?" त्यांनी विचारलं.

"हो, दादा. मजेत आहे."

"मंग जाला."

ते दारापर्यंत गेले. तिथून परत फिरले, काउंटरशी आले आणि पाकीट माझ्यापुढे सरकवलं.

"सर, केलकरांच्या ह्या चौथ्या रांगेला आता हात लावू नका. दोनदा ऐकलंय तिनं," दादा म्हणाले. "उद्याला दुसरी वाकवा."

आणि रिक्षात जाऊन बसले.